जंतू नसलेली वाटी

एडिंबरा, मार्च १९८४

ती. आप्पा,
तुम्हाला आणि आईला इथल्या बर्फातून कडक जयभीम.

मी ठणठणीत आहे. इंदिरानगरात नळाला पाणी येऊ लागलं का?

आमच्या प्रयोगशाळेच्या साहेबाकडे मात्र अकलेचा दुष्काळ आहे. इथे रक्तातल्या पांढऱ्या पेशी इवल्या वाट्यांत घालून त्यांना क्षयाच्या जंतूचे वेगवेगळे तुकडे देतात. पेशी जो तुकडा ओळखतात, त्याच्या वाटीत त्या वाढतात. साहेबाच्या तर सगळ्याच वाट्यांत वाढल्या. शहाण्याने लगेच केक कापला!

ताडून बघायला जंतू नसलेली एक वाटी ठेवायची असते. ‘जागा वाया जाते’ म्हणून तीच त्याने ठेवली नव्हती. मी ठेवली. पेशी तिथेही तरारल्या. त्यांना जंतूशी देणंघेणंच नव्हतं. खाद्य म्हणून वासराचा रक्तद्रव घातला होता, त्यालाच परका ओळखून त्या वाढल्या होत्या.

सांगितलं, तर म्हणतो, “तुझेच हात अस्वच्छ असतील.”

आप्पा, हे ऐकायला विमानाने यायची काय गरज होती?

त्याच्या शोधनिबंधावरचं माझं नाव मी खोडलं. शिष्यवृत्ती पुढे चालू राहायला कागदावर सही त्याचीच लागते. आईला एवढंच सांगा, पोरगी नीट जेवते.

आणि माझी कॉट कुणाला देऊ नका.

तुमची,
विशाखा