पाळी गेल्यावरचा डाग

आई, मंगळवारी मला डाग दिसला. पाळी जाऊन सात वर्षं झाली. आज शुक्रवार, अजून कुणाला बोलले नाही.

तुझं तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पाळी गेल्यावर पाच वर्षांनी तुझ्या अंगावरून परत जायला लागलं आणि तू रीतीप्रमाणे पडवीत चटई टाकून बसलीस. मी चोपड्याला माहेरी आले होते. शेजारची काकी कुंपणावरून ओरडते, "काय गो, परत तरणी झालंस?" तू हसतेस. मी लांबून ताट सरकवत विचारते, तर म्हणतेस, "ह्या वयात होता गो असा. तू जेव." चार दिवस, मग आठ, मग पंधरा. बाबांनी चहा केला, मी देवाची भांडी घासली. विटाळ सगळ्यांनी पाळला, डॉक्टरकडे कुणी नेलं नाही. इस्पितळात पोचलीस तेव्हा गर्भपिशवीतला रोग पोटभर पसरला होता.

मे महिन्यात पोट जड वाटलं म्हणून मी डिचोलीला दाखवलं. सोनोग्राफीत अंडाशयावर गाठ निघाली. मी तुझं सगळं सांगून म्हटलं, "काढून टाका एकदाची." डॉक्टरीण लेकीच्या वयाची. म्हणाली, "बसा मावशी. प्रत्येक गाठ तसली नसते. ही पाण्याची, बारीक आहे. रक्त तपासू, तीन महिन्यांनी परत बघू. पण एकाएकी जोराची कळ आली, उलट्या झाल्या, ताप आला, तर थांबू नका. आणि एक डाग दिसला तरी यायचं, दुखो न दुखो." रक्त ठीक निघालं. मी चौथी शिकलेली. नातीच्या पुस्तकातल्या चित्रावर बोट ठेवून वाचलं. गर्भाशय वेगळं, अंडाशय वेगळं. तुझं दुखणं आणि माझी गाठ एक नव्हती. त्या रात्री नीट झोपले.

आता हा डाग. काहीच नसेल कदाचित, पण ते मी घरी बसून ठरवायचं नाही, एवढं वाचून कळलंय. तरी तीन दिवस घालवले. तू सगळ्यांसमोर बसून होतीस; मी बाजूला बसत नाही, म्हणून कुणाला पत्ताच नाही. तुझे जावई असते तर माझं तोंड बघूनच त्यांनी स्कूटर काढली असती.

उद्या सकाळच्या बसने डिचोलीला जाते. सुनेला सांगितलंय, दात दाखवायचाय. ती म्हणाली, "आई, मी येते ना." मी म्हटलं, "दाताला कसली गो सोबत?"

खरं तर ती यायला हवी आहे.