भोंग्यावरचा संकल्प

बाबा, निवडणूक कचेरीतून मला नोटीस आली आहे. आचारसंहिता सुरू असताना देवळातून एका उमेदवाराचा प्रचार केला, असं तीत लिहिलं आहे. लेखी खुलासा उद्या द्यायचा आहे. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं. माझ्या सुनेकडून नोटीस तीनदा वाचून घेतली, पण ‘दंडनीय’ हा शब्द आला की पुढचं काही ऐकूच येत नाही. विश्वस्तांनी सांगितलंय, खुलासा पाहू, मग पूजा तुमच्याकडे ठेवायची की नाही ते ठरवू. राजापेठेतल्या या देवळाशिवाय मला दुसरं काय येतं?

झालं ते एवढंच. उमेदवार अभिषेकाला बसले होते. संकल्पात यजमानाचं नाव, गोत्र आणि इच्छा म्हणावी लागते, हे तुम्हीच शिकवलंत. मी नाव घेतलं, गोत्र घेतलं, ‘निवडणुकीत विजयप्राप्त्यर्थं’ म्हटलं. आरतीचा माईक समोर होता. सगळं भोंग्यावरून पार चौकापर्यंत गेलं आणि कुणीतरी मोबाइलमध्ये भरून घेतलं. तेव्हापासून दारावर कुणी थाप मारली की मी आतल्या खोलीत जातो. तुमची सून म्हणते, “काहून असे थरथरून राहिले? फाशी देते का कोणी?”

“अन् देऊळ गेलं तर?”

“मंग बसा घरी. भाजी निवडाले माणूस पाहिजेच मले.”

मला हसू येत नाही. आपल्या गावचा, हिवरखेडचा, लहानपणीचा एक दिवस सारखा आठवतो. पंचायतीला उभा राहिलेला माणूस तुमच्यासमोर बसला आहे. तुम्ही त्याच्या कानाशी वाकून संकल्प सांगता, शेजारी बसलेल्या मलाही कळत नाही. नंतर चुलीपुढे जेवताना मी विचारतो, “बाबा, इतकं हळू काहून?” घास हातातच धरून तुम्ही डोळे वटारता. “त्याचं मागणं देवाले सांगाचं असते. गावाले सांगाले तू काय दवंडीवाला हायेस?” कायद्याचं पुस्तक तुम्ही कधी उघडलं नव्हतं. मला मात्र त्या दिवशी तुमचा रागच आला होता.

माईक चुकून चालू राहिला, असं खुलाशात लिहिलंय. तुमच्या नातसुनेनं ते सुबक अक्षरात उतरवलं. माझी सही तेवढी राहिली आहे. तुम्ही आता नाही, म्हणून तुम्हाला लिहिलेला हा कागद मी तुमच्या पोथीच्या फडक्यात बांधून ठेवीन. आरती झाल्यावर माईक बंद केला होता, बाबा. एवढा मोठा माणूस माझ्यापुढे हात जोडून बसलाय, हे चौकाला कळावं म्हणून बटण मीच दाबलं.