दारापर्यंत येणारी गाडी

१४ जानेवारी, मंगळवार

आज गाडीत एक पोरगी बसली होती. पोर्तोहून आलेली, इंजिनीअर, नाव बेनेदिता. मांडीवर टॅब. मी चढले तसं तिनं त्यावर बोट टेकवलं. काय टिपलंस गं, म्हटलं. "तुम्हाला टिपलं, बाई. एक प्रवासी."

नगरपालिकेनं पाठवलंय तिला. आमच्या गावची गाडी चालते कशी ते मोजायला. आठ सीटची लहान गाडी, फोन केला की दारात येते, पार वरच्या आळीत माझ्या दारातसुद्धा. मंगळवारी नि शुक्रवारी मी खाली शहरात जाते, वृद्धाश्रमात, आदेरितोला जेवू घालायला. दुसऱ्या कुणाच्या हातचा घास घेत नाही तो. तोंड घट्ट मिटून बसतो.

"प्रवासाचं कारण?" पोरीनं विचारलं. दवाखाना, बाजार, सरकारी काम, इतर.

नवऱ्याला भरवायला जाते, म्हटलं.

तिनं 'इतर'वर बोट ठेवलं. चांगली होती हो बोलायला, पण सबंध रस्ताभर माझ्या डोक्यात तेच. इतर!

१५ जानेवारी

नेलिओ ड्रायव्हरनं आज खरं काय ते सांगितलं. टॅब आता त्याच्याकडे दिलाय. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत मोजणार. फेरीमागे सरासरी चार माणसं भरली नाहीत तर गाडी बंद. "आणि मावशी, बहुतेक वेळा तुम्ही एकट्याच असता."

एकटीच असते, मग? माझा खुबा असा. खालच्या पुलापर्यंत उतरेन एकवेळ कशीबशी. परत वर चढणार कोण?

स्वयंपाकात लक्ष नाही. कोबीचं सूप करपलं. घरभर वास.

१८ जानेवारी, शनिवार

चर्चपाशी झुल्मिराच्या कॉफीच्या दुकानात गेले. कुणाला सांगायचं नव्हतं, पण तिच्यापुढे तोंड बंद राहतंय कुठे. तिनं फडकं टाकलं नि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "चार माणसं पाहिजेत ना? मग आपण काय मेलोय?"

पत्ते खेळणारे म्हातारे हसायला लागले. पण मंगळवारी कोण, शुक्रवारी कोण, हे तिथंच ठरलं.

२१ जानेवारी, मंगळवार

ठरलेले सगळे आले. एकालाही शहरात काडीचं काम नाही. म्हाताऱ्यांनी पत्ते घेतले, झुल्मिरानं मक्याचा पाव नि सॉसेज बांधून आणलं, गाडीत वास सुटला. नेलिओ म्हणतो, "मावशी, ही गाडी आहे का लग्नाचं वऱ्हाड?" आणि टॅबवर बोट मारत सुटला.

शहरात उतरलो तर बोचरी थंडी. बाकडी ओली. परतीची गाडी दुपारी. जाणार कुठं? आले सगळे माझ्यामागून आश्रमात.

आदेरितोनं सगळ्यांच्या, मयतीला घालतात तसल्या काळ्या कोटांकडे टकामका पाहिलं. म्हणाला, "कोण गेलं?"

"अजून कुणी नाही," झुल्मिरा म्हणाली. "पण ते सूप गार केलंस तर तुझाच नंबर."

तो हसला. आणि चमचा माझ्या हातातून काढून घेतला. स्वतः जेवला, सगळं जेवला! झुल्मिराला 'न्हाव्याची पोर' म्हणाला. तिचा बाप न्हावी होता, जाऊन किती वर्षं झाली. बरोबर ओळखलं.

माझं नाव नाही घेतलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण वाटी रिकामी होती.

२४ जानेवारी, शुक्रवार

पुन्हा स्वतःच्या हातानं जेवला. पत्तेही खेळला थोडे, लबाडी केली.

परत येताना झुल्मिरा म्हणाली, "हा इथं काय करतोय गं? माझ्या दुकानात बसला तर पत्त्यांना चौथा गडी होईल."

"आणि अंधारात शेळ्या शोधायला बाहेर पडला की मागं कोण जाणार, तू?"

तिला माहीत आहे. शेळ्या विकून जमाना झाला, तरी हा निघायचा. गेल्या थंडीत ओढ्यात सापडला, कमरेपर्यंत भिजलेला. म्हणून तर आश्रम.

४ फेब्रुवारी

आज आठही सीट भरल्या. नेलिओ म्हणतो, पोरगी पोर्तोहून फोन करते, खूश आहे. मला का चैन नाही मग? तीनदा उठून दाराची कडी बघितली, तो घरी असताना बघायचे तशी.

२० फेब्रुवारी, गुरुवार

ग्रामसभा. बेनेदिता आली होती. भिंतीवर चित्रं दाखवली, एकेक पट्टी चढत गेलेली. "इतका प्रतिसाद मला दुसऱ्या कुठल्याच गावात दिसला नाही," म्हणाली. आणि म्हणून एक मार्चपासून आपल्याला मोठी बस. रोज. ठरलेल्या वेळेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीसुद्धा वाजवल्या!

मग विचारलं, "माझ्या दारात येईल ना ती?"

"वरच्या आळीत वळणार नाही, बाई. पुलापाशी थांबेल."

"आणि लहान गाडी?"

"ती आता दुसऱ्या गावाला. त्यांच्याकडे काहीच नाही."

तिच्या तोंडावर आमच्यासाठी आनंद होता, खराखुरा. तिच्यावर रागावू कशी? आम्हीच तर भरून दाखवली गाडी.

बाहेर झुल्मिरानं माझा दंड धरला. "सांगून टाकते तिला. उगाच बसत होतो म्हणून."

"मग उरते मी एकटी. एकटीसाठी लहान गाडी तरी कोण ठेवणार? मोठी बसही जाईल नि लहान गाडीही."

"मग मी पाठीवर घेते तुला."

"आधी स्वतःची पाठ बघ, बये."

दोघी हसलो. घरी येऊन मात्र मी रडले, चुलीपाशी उभ्या उभ्या.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

झुल्मिरा नि मंडळी आली होती, मुद्दाम. जेवला. निघताना नर्सनं मला बाजूला घेतलं. "तुम्ही नसता तेव्हा हे दारापाशी उभे असतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतात, वर जाणारी गाडी कधी आहे."

हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आज एकटी गेले. मोजणं संपलंय, लोकांना कशाला फरफटायचं. पुन्हा तोंड मिटून बसला. एकेक घास मी भरवला, अर्धा अंगावर. निघाले तर बाही धरली माझी.

"वर जाणारी गाडी कधी आहे?"

"शुक्रवारी," म्हटलं. तोंडातून निघून गेलं.

काय बोलून बसले मी! गाडीत कोट आवळून बसले. नेलिओनं हीटर वाढवला. थंडीचं नव्हतं ते.

२६ फेब्रुवारी

डॉक्टरांना फोन. नाराज झाले, बरंच बोलले. सगळं खरंच बोलले. घरी न्यायच्या कागदावर सही मी करीन म्हटलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

दाराला वर, उंच, नवी कडी बसवली. माझा हातही जेमतेम पोचतो. झुल्मिरा स्टूल धरून उभी होती. जाता जाता इतकंच म्हणाली, "फोन उशाशी ठेव गं. हाक मारलीस की येते."

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

लहान गाडीची शेवटची फेरी. टॅब अजून चालू होता. नेलिओनं विचारलं, "मावशी, कारण काय टाकू?" म्हटलं, इतर.

जाताना एक प्रवासी. येताना दोन.