मामांच्या बुटांची कारकीर्द

तीर्थरूप मामांच्या दोन्ही पायांवर (त्यातही डाव्यावर जरा जपून) डोकं ठेवून नमस्कार.

पत्राची सुरुवात स्वतःच्या खुशालीने करावी ही तुमचीच शिकवण, परंतु मी आज खुशाल नाही. माझ्या उजव्या पायाच्या करंगळीवर सध्या जो अन्याय चालू आहे त्याची दाद कुठे मागावी, हे मला कळेनासं झालं आहे. नव्या चित्रपटाच्या निर्मात्याने मला नवे बूट दिले आहेत. कोरे, चकचकीत, आतून कागदाचा बोळासुद्धा न काढलेले. यात रडण्यासारखं काय आहे असं तुम्ही म्हणाल. मामा, या धंद्यात इतकी वर्षं काढली, पण मला कोणी नवं असं काही दिलेलं नव्हतं; संवादसुद्धा बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून उरलेले असत. या वेळी भूमिका मोठी आहे म्हणून कपडेपटवाल्याचा हात सैल सुटला, आणि त्याचं फळ माझी करंगळी भोगते आहे. तिचा काय दोष? तिला तर संवादही नाहीत.

तुमची तब्येत कशी आहे हे मी विचारत नाही, कारण मामीने फोनवर सगळं सांगितलं. खुब्याचं ऑपरेशन उत्तम झालं, डॉक्टरांनी तुम्हाला चालायला सांगितलं, आणि तुम्ही डॉक्टरांना बसायला सांगितलंत. व्यायाम घ्यायला येणाऱ्या मुलीला तुम्ही तिरकस जमिनीचं क्षेत्रफळ कसं काढावं हे समजावता, ते तिला पटेपर्यंत तिची वेळ संपते आणि ती खाली मान घालून निघून जाते. आणलेल्या वॉकरवर टॉवेल वाळतात. (चांगले वाळतात, असंही मामी म्हणाली. तिचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, कशाचीही चांगली बाजू बघते; तुमच्याशी संसार केला तो उगीच नाही.) मोजणी खात्यात सगळी नोकरी पायी केलेला माणूस पलंगावरून खाली पाय टाकत नाही, म्हणून ती काळजीत आहे. मी नाही. निदान या पानावर नाही.

तर भूमिकेबद्दल. चित्रपटात म्हातारा आहे. एकटा राहतो, पडतो, अंथरुणाला खिळतो आणि सगळ्या जगावर रुसून बसतो. शेवटी त्याची बहीण दारावर थाप मारते. ती फार वर्षांनी आलेली असते आणि थांबायची सवय नसलेली बाई असते. पलंगापासून दारापर्यंत त्याने उठून जायचं, एवढाच प्रसंग. त्या चालण्यासाठीच सगळा चित्रपट केला आहे, असं दिग्दर्शिका म्हणते. ती माझ्या मुलीपेक्षा लहान आहे, मला सर म्हणते, आणि तिची सगळ्यात वाईट खोड म्हणजे ती ओरडत नाही. जन्मभर ओरडणाऱ्यांकडे कामं केलेल्या माणसाला हे सोसत नाही. तालमीत मी चालून दाखवलं. कण्हत, भिंत धरत, छातीवर हात ठेवत, अगदी भरघोस. तिने ऐकून घेतल्यासारखं बघितलं आणि हळूच म्हणाली, "सर, हे आजारी माणसाचं चालणं झालं. मला चिडलेल्या माणसाचं हवंय. पाय ऐकत नाही म्हणून पायावर चिडलेल्या माणसाचं."

सोमवारी तोच प्रसंग सगळ्यात आधी चित्रित व्हायचा आहे. जमला तर मी. नाही जमला तर ते दातवाले गृहस्थ. (तुम्ही त्यांना पडद्यावर पाहिलंय. म्हातारा करायचा म्हटलं की त्यांचा उजवा हात थरथरू लागतो आणि मानधन मिळेपर्यंत थांबत नाही.) दिग्दर्शिका तसं स्पष्ट बोलली नाही, पण ते गृहस्थ काल चहाच्या टेबलाशी दिसले, आणि फुकटच्या चहासाठी एवढ्या लांब येणाऱ्यांतले ते नाहीत. मामा, इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझं नाव सगळ्यांच्या आधी, एका ओळीत एकटं येणार आहे. 'आणि इतर' या कुटुंबात मी आयुष्य काढलं. ते चांगलं कुटुंब आहे, पण आता वेगळं राहावंसं वाटतं.

तुम्हाला माझी कामाची पद्धत ठाऊक आहे, किंबहुना तुम्हीच तिचे मूळपुरुष. मला संवाद आधी पाठ होत नाहीत, चेहरा आधी सापडत नाही. मला आधी पाय लागतात. कुणाच्या तरी वापरलेल्या चपला-बुटांत पाय घातले की तो माणूस गुडघ्यापर्यंत येतो, पुढचं माझं मी बघतो. मेहुण्याच्या तपकिरी सँडलमधून मी कंजूष घरमालक केला. तो सगळीकडे गाजला, फक्त मेहुण्याकडे नाही गाजला; तेव्हापासून मी गेलो की तो पादत्राणं कपाटात टाकून कुलूप लावतो. बायकोच्या आत्याच्या चपलांतून मी एक असा खलनायक काढला की दुपारच्या मालिका बघणाऱ्या बायका मला बघून मुलं आत घेत. आत्याबाई मात्र एकही भाग चुकवत नसत. या माणसाचं एक बरं आहे, स्पष्ट बोलतो, असं त्यांचं मत पडलं. आमच्या घरात दाराशी एवढे जोड असतात की येणाऱ्याला वाटतं आत सभा चालू आहे. बायकोने नियमच केला आहे, पायातला माणूस बाहेर ठेवायचा आणि नवऱ्याने तेवढं आत यायचं.

एकदा घोटाळाही झाला. सकाळी एका मालिकेत मी न्यायाधीश, दुपारी दुसऱ्या मालिकेत भुरटा चोर. गडबडीत चोराचे फाटके कॅनव्हासचे बूट घालून न्यायासनावर जाऊन बसलो. टेबलाखाली पाय कोणाला दिसणार, म्हणून दिग्दर्शकाने तसंच उरकायला सांगितलं. त्याला दिसले नाहीत, पण मला तर लागत होते ना? आरोपीला जन्मठेप सुनावताना माझाच आवाज बसला, डोळे आपोआप मागच्या दाराकडे वळले, आणि निकाल वाचून झाल्यावर मी खिसे चाचपले. दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला. आणि लोकांनी कळवलं की असा माणुसकीचा न्यायाधीश आजवर पडद्यावर आला नव्हता. त्यानंतर मला बरेच न्यायाधीश मिळाले. चोर मात्र पुन्हा कोणी दिला नाही, हे मनाला लागलं आहे.

आणि प्रसिद्धीबद्दल तुम्ही नेहमी विचारता ते सांगतो. मला नावाने कोणी ओळखत नाही, याचा मला अतिशय गर्व आहे. रस्त्यात एक गृहस्थ मला अडवून त्यांची फाइल कुठवर आली असं विचारतात आणि मी ती वर पाठवली असल्याचं सांगतो. ज्या भाजीवालीने मला मालिकेत सुनेला घराबाहेर काढताना पाहिलं, ती अजून मला मुद्दाम शिळी पालेभाजी देते. दवाखान्यात एका बाईंनी माझ्यापुढे नवऱ्याचा रिपोर्ट धरला, कारण दुपारच्या मालिकेत मी हृदयाचा डॉक्टर असे. मी तो प्रकाशात धरून पाहिला आणि मीठ कमी करा म्हणालो. पुढे नवरा स्वतः आभार मानायला आला. सांगा, कुठल्या नायकाने आजवर कुणाचं मीठ कमी केलं आहे?

पण या सगळ्याची सुरुवात तुमच्या काळ्या बुटांपासून झाली. तुम्हाला आठवतच असेल, विसरू देण्याइतकं मन तुम्ही मोठं केलेलं नाही. पहिलं काम मिळालं ते प्रेताचं. रस्त्यावरचा अपघात, वर चादर. काळे बूट स्वतःचे आणा, असा निरोप होता आणि माझ्याकडे फक्त चपला. तुम्ही रजेवर आला होता; पायातले काढून दिलेत आणि दिवसभर अनवाणी ओट्यावर बसून राहिलात. चादर आखूड निघाली (निर्माताही त्याच मापाचा होता), आणि चित्रपटात माझं जे काही दिसलं ते घोट्याखालचं. तुम्ही अख्खं घर घेऊन थिएटरात गेलात. प्रसंग आला, सगळी रांग मला शोधतेय, आणि तुम्ही उठून उभे राहून म्हणालात, "ते बघा, माझे बूट." मागच्याने खाली बसायला सांगितलं, तर तुम्ही वळून त्यालाही दाखवलेत. घरी येऊन तुम्ही जे परीक्षण केलंत ते आजतागायत टिकून आहे: काम बुटांनी केलं, हा नुसता आत होता.

त्या परीक्षणाशी मी सहमत आहे, हे आज लेखी देतो. चादरीखाली मी श्वास रोखून पडलो होतो, आणि बघतो तो डावा पाय आपोआप बाहेरच्या बाजूला वळलेला. माझा तसा वळत नाही. तुमचा वळतो. कोणी सांगितलं नव्हतं, बुटाने वळवला. मेलेला का असेना, एक पुरा माणूस माझ्या पायांत येऊन पडला होता. माझं सगळं शिक्षण तेवढंच.

आता अडचण ही की या म्हाताऱ्याचे पाय मला कुठेच सापडत नाहीत. शेजारचे निवृत्त हेडमास्तर झाले, वाचनालयातले ग्रंथपाल झाले, मेहुण्याच्या कपाटाची किल्लीसुद्धा (कशी ते विचारू नका) मिळवून झाली. शेवटी तुमचेच काळे बूट काढले. घातले, आणि खोलीत दणादण चालू लागलो. कुणाच्या तरी बांधावरून, छाती पुढे, जणू पलीकडच्या भिंतीपर्यंतची जमीन आज संध्याकाळच्या आत मोजून द्यायची आहे. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "मामा आले का?" इतकं छान काम मी अलीकडे केलं नव्हतं, पण भूमिकेच्या काही उपयोगाचं नाही. तुम्ही पडलात हे त्या बुटांना अजून माहीतच नाही.

असो. तुमच्या प्रकृतीला जपा, मामीला जपू नका, ती समर्थ आहे. लहानांना काही नाही, मोठं तुमच्याशिवाय कोणी उरलं नाही.

तुमचा भाचा,
(तुमच्या शब्दांत) सोंगाड्या

ता. क. रविवारी दुपारी मी येतो आहे. खिडकीजवळच्या खुर्चीत बसेन. हात देणार नाही, शाबास म्हणणार नाही, तोंडावर ते प्रेमळ हसू तर मुळीच आणणार नाही. तुम्ही पलंगावरून उठून दारापर्यंत जायचं. पायाला शिव्या देत गेलात तर फारच उत्तम, मला त्याही हव्या आहेत. दाराबाहेरून थाप मारायला मामी तयार आहे. थांबायची सवय तिलाही नाही.

ता. क. नसेल उठायचं तर आग्रह नाही. मग पलंग ते दार हे अंतर दातवाले गृहस्थ कापतील. चिडका म्हातारा असाच थरथरत चालतो असं गावोगाव लोक धरून चालतील आणि तुम्हाला ते पलंगावर पडून बघावं लागेल.

ता. क. हे पत्र मी मामीच्या सांगण्यावरून लिहिलेलं नाही. (टॉवेलचं वाक्य तेवढं तिचं आहे. आणि रविवार तिने ठरवला.)

ता. क. एक सांगायचं राहिलं. त्या प्रसंगात कॅमेरा फक्त पायांवर राहणार आहे, घोट्याच्या वर काहीच दिसणार नाही. दिग्दर्शिकेने फार संकोचून विचारलं, सर, तुम्हाला वाईट नाही ना वाटणार? मी एवढा हसलो की तिने पाणी मागवलं.

ता. क. पत्रासोबत खोकं आहे. आत तुमचे काळे बूट, रविवारी घालायला. मोच्याकडून नवा तळ लावून घेतला आहे, नाडी सैल ठेवली आहे. डाव्या टाचेची बाहेरची झीज तो सारखी करायला निघाला होता, ती मी करू दिली नाही. ती तुमची आहे. "संध्याकाळी आणून देतो," असं मी त्या प्रेताच्या कामाला ते नेताना म्हणालो होतो. कोणत्या दिवशीच्या, हे तेव्हा ठरलं नव्हतं.