लॉरीचा कौल

४ फेब्रुवारी १९३४, रविवार
पोलादपूरला जाऊन लॉरी पाहिली. घाटरस्त्यावर खडी वाहून थकलेली. कंत्राटदाराचं काम संपलं, म्हणून विकतो आहे. पुढचा एक दिवा फुटका, बॉनेट तारेने बांधलेलं, फळ्या दगडांनी चेचलेल्या. हसन ड्रायव्हरने हँडल मारलं, दुसऱ्या झटक्याला एंजिन सुरू. "अण्णा, पेट्रोल लय पिते. पण ओझ्याला नाय बोलत नाय." खडी भरून चढावर नेऊन दाखवली. खरंच नाही म्हणत नाही.
नवी घ्यायची आमच्या वाडीची ऐपत नाही. हिच्यात हिरडा आणि कोळसा दासगाव बंदराला जाईल, येताना मीठ येईल. आणि आजारी माणूस झोळीत घालून महाडला न्यायचं बंद होईल. मुख्य हेच. गेल्या पावसाळ्यात माझा धाकटा भाऊ गणू वाटेतच…
कंत्राटदार थोडे दिवस थांबतो म्हणाला. महाडचा एक व्यापारीही मागतो आहे.

७ फेब्रु.
देवळात वाडीची बैठक. भरपूर बोललो. लॉरी हवी यावर सगळे एक. मग धोंडू उठला. लहानपणापासूनचा सोबती, माझ्या प्रत्येक सभेत पुढे बसणारा. "अण्णा, पैका सोमजाईच्या पेटीतला. कौल घेतल्याबिगर पेटी उघडायची नाय."
किती वर्षं मी गावोगाव याच कौलावर तुटून पडतो आहे. देवीच्या अंगावर कळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. माणसाची अक्कल कळीला टांगायची! महाडला यावर टाळ्या पडतात. आज तोंड उघडलं असतं तर लॉरी गेली असती. म्हणालो, "घ्या कौल."

१० फेब्रु.
भिवा गुरवाकडे गेलो. कशाला गेलो ते लिहायलाच हवं. म्हणालो, उद्या उजवी कळी जरा सैल लाव.
तो नारळ सोलत होता. हात थांबले नाहीत. "देवी दगड हाय, असं तुमीच बोलता ना अण्णा?"
"हो."
"मंग दगडाला फितवायला कशाला आलात?" आणि हसला. इतका की आतून बायको डोकावली.
वाडीच्या भल्यासाठी, म्हणालो.
"भल्यासाठीच येतात समदे."

११ फेब्रु.
कौल उजवा. म्हाताऱ्या बायका रडल्या. मीही हात जोडले. जोडायला कुणी सांगितलं नव्हतं. धोंडूने मिठी मारली. "बघितलात? तुमी तिला मानत नाय, पन तिनं तुमचा शबूद राखला."


१४ फेब्रु.
लॉरी आली. सोबत हसनही, पगारावर. बायकांनी ओवाळलं, गरम बॉनेटवर कुंकू करपलं. पुढच्या फळीवर 'श्री सोमजाई प्रसन्न' लिहायचं ठरलं. माझं अक्षर चांगलं, म्हणून रंगाचा डबा माझ्या हाती. लिहिलं. वळणदार लिहिलं.

२५ फेब्रु.
लॉरी उत्तम चालते. शेजारच्या वाडीतले लोकही आता भिवाकडे कौलाला येऊ लागले. "अण्णांनी पन मानला ना!" इतक्या वर्षांच्या भाषणांना जमलं नसतं, इतकं मी देवीचं काम केलं.
महाडच्या व्याख्यानाला नकार कळवला. विषय होता देवभोळेपणा. कारण दिलं, घसा बसला आहे. घसा ठणठणीत आहे.

३ मार्च, दुपार
धोंडूची बायको गोदा रात्रीपासून अडली आहे. सुईणीने हात टेकले. लॉरी खाली रस्त्यावर तयार, हसन हँडल घेऊन उभा. आणि धोंडूच्या आईने देवळात भिवाकडून कौल लावून घेतला, हिला हलवायची का? डावा आला. हलवायची नाही.
धोंडूच्या अंगणात मी ओरडलो. डॉक्टर, मूल, बाईचा जीव, सगळं बोललो. धोंडू शांत. "अण्णा, लॉरीच्या कौलाला तुमी हात जोडलात. मी बघितलं. तो खरा, मंग ह्यो खोटा कसा?"
उत्तर एका वाक्याचं होतं. भिवा खांबाला टेकून माझ्याकडे बघत होता. "पुन्हा विचार कर," एवढंच म्हणालो आणि घरी आलो.
गोदाचा आवाज इथवर येतो आहे.

३ मार्च, दिवेलागण
आवाज थांबला तसा धावलो. जिवंत होती, दम संपला होता. अंगणात सगळ्यांसमोर सांगितलं. लॉरीचा कौल खोटा, कळी मी सैल लावायला सांगितली. धोंडूच्या आईने कानांवर हात ठेवले. कुणीतरी माझ्या पायाशी थुंकलं.
वाटलं, आता तरी गोदाला उचलतील. भिवा पुढे आला. "लावली सैल. माझं पाप मी फेडीन. पन आजची कळी जशी लावतात तशी लावली."
धोंडू म्हणाला, "म्हंजे लॉरी खोटी, आन आजचा कौल खरा."
 
तेवढ्यात आतून गोदा. आवाज कसला, नुसता श्वास. "मला इचारा की गो कुनीतरी. न्या मला."
धोंडूने आईकडे पाहिलं नाही. आत जाऊन तिला उचललं. झोळीतून रस्त्यावर उतरवली, लॉरीत गवत अंथरलं. मी चढायला गेलो तर त्याने फळीवर हात आडवा धरला. "तुमी नको."

४ मार्च
महाडहून निरोप नाही. गावात कुणी बोलत नाही माझ्याशी. लॉरी विकून पैसे पेटीत टाकायचे, अशी कुजबुज कानावर आली. टाका. दुपारी अंगणात ते एक वाक्य बोललो असतो, तर ती संध्याकाळपर्यंत…
एंजिनचा आवाज. वळणावर आहे. सावकाश चढते आहे. मढ्याचं ओझं आहे म्हणून, की हसन बाळंतिणीला जपून आणतो आहे म्हणून, इथून कळत नाही. घराघरांतून माणसं रस्त्याकडे उतरताहेत. मलाही उतरायला हवं. अजून लिहीतच बसलो आहे.