ताईच्या गिटारला पोचा

३ मार्च

ती. मामांना सा. न. वि. वि.

घरी सगळे खुशाल आहेत, एक मी सोडून. हे पत्र तुम्ही एकट्यानेच वाचा. मामींना सांगू नका. मामींना सांगितलं की आईला कळतं, आणि आईला कळलं की ताईला.

ताई तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाला गेली तेव्हा तिची गिटार माझ्यावर सोपवून गेली. दर रविवारी पुसायची, तारा सैल ठेवायच्या, बाकी हात लावायचा नाही, असं बजावून गेली. नऊ रविवार नीट गेले. दहाव्या रविवारी पुसताना गिटार हातातून घसरली आणि टेबलाच्या कोपऱ्यावर आपटली. पुढच्या फळीवर, खालच्या कडेजवळ पोचा पडला आहे. लांबी चार मिलिमीटर, खोली जेमतेम एक. लाकूड फुटलेलं नाही. शेजारी दोन ओरखडेही दिसतात. ते माझेच की आधीचे, हे आठवून आठवून डोकं दुखायला लागलं आहे.

ताई सव्वीसला येणार, आणि अठ्ठावीसला तिला याच गिटारवर शाळेतल्या संगीतशिक्षिकेच्या जागेसाठी वाजवून दाखवायचं आहे. तुम्ही जन्मभर कपाटांना आणि पलंगांना लाखेचं पॉलिश केलंत, आणि हिचंही पॉलिश लाखेचंच आहे. ताईला कळणार नाही असं काही करता येईल का?

पत्र टाकल्या क्षणापासून उत्तराची वाट पाहणारा,
आपला भाचा

७ मार्च

चि. फूटपट्टीस अनेक आशीर्वाद.

काचा कापणाऱ्या माणसाने मिलिमीटरमध्ये रडावं हे ठीकच आहे. पण अरे, लाकूड दबलंय, मेलेलं नाही. वाफ दाखवली की ते फुगून वर येतं. सुती फडकं ओलं करून घट्ट पीळ, पोच्यावर ठेव, वरून गरम इस्त्रीचं नुसतं टोक टेकव आणि लगेच उचल. असं तीन-चार वेळा. इस्त्री दाबून बसू नकोस. आतले जोड सुटले तर गिटार भिंतीवर टांगण्यापुरतीच उरेल.

ओरखड्यांत ब्रशच्या टोकाने पातळ लाखेचा थेंब सोड. रोज एकच. भरून आले की तेल लावलेल्या अगदी बारीक पॉलिशपेपरने सपाट कर आणि मग लाखेत भिजवलेला कापडाचा बोळा फिरव. आमच्या धंद्यातला नियम लक्षात ठेव: ठिगळ दिसता कामा नये. एक फळी चमकली तर सगळं कपाट चमकवायचं.

ताईला सांगायचं की नाही, ते तूच ठरव. लाकडाचं मला कळतं. बहिणीच्या रागाला पॉलिश करता आलं असतं तर तुझ्या आईची इतकी बोलणी मी खाल्ली नसती.

मामीला मी काही सांगितलेलं नाही. तिने स्वतःच वाचलं.

तुझा मामा

१२ मार्च

ती. मामांना सा. न. वि. वि.

पोचा वर आला! नख फिरवलं तरी अडत नाही. पण फडकं उचललं तर त्या जागी नाण्याएवढा पांढराफट्ट डाग. चार मिलिमीटरचं दुखणं घालवायला गेलो आणि पंचवीसचं घेऊन बसलो. माझं तोंड बघून आईने विचारलं की दुकानात कुणाशी वाजलं का. मी हो म्हणालो. आता ती मालकांना जाब विचारायला चप्पल शोधते आहे. तातडीने कळवा.

आपला भाचा

१५ मार्च

चि. फूटपट्टीस आशीर्वाद.

चूक माझीच. वाफेने लाख पांढरी पडते हे जेवणाच्या टेबलांवर शंभरदा पाहिलंय, आणि नेमकं तेवढंच लिहायचं राहिलं. बोळ्याला स्पिरिट लाव, जवळजवळ कोरडा होईपर्यंत पीळ, आणि डागावरून वाऱ्यासारखा फिरव. मध्ये थांबलास तर चिकटेल. डाग डोळ्यांदेखत जाईल.

आईला चप्पल सापडू देऊ नकोस.

तुझा मामा

२२ मार्च

ती. ताईस सा. न.

तुझ्या गिटारला माझ्या हातून पोचा पडला होता. आता तो दिसत नाही. मी भिंग घेऊन शोधला तरी सापडला नाही, म्हणजे न सांगताही चाललं असतं. पण तू आल्यावर म्हणशील की छान सांभाळलीस हो, आणि ते ऐकत मला तुझ्यासमोर उभं राहवणार नाही.

दुरुस्त केलेली जागा उठून दिसत होती म्हणून पुढची फळी चमकवली, मग बाजू, पाठ आणि शेवटी दांडीसुद्धा. सात हात दिले आहेत. आता तिच्यात चेहरा दिसतो. रागवायचं असेल तर तिकडेच रागवून घे, म्हणजे अठ्ठावीसला तुझा हात थरथरणार नाही.

तुझ्या मायेला अजून पात्र असेन अशा आशेवर,
तुझा भाऊ

४ एप्रिल

ती. मामांना सा. न. वि. वि.

ताईने पत्राला उत्तर दिलं नाही. सव्वीसला आली ती पाणीही न पिता गिटार घेऊन खिडकीपाशी गेली. कलती करून, उलटी करून पाहिली आणि पोचा कुठे होता ते विचारलं. मी बोट ठेवलं. तिने नक्की इथेच ना, असं दोनदा विचारलं, तेव्हा मला वाटलं की सुटलो.

मग ती वाजवायला बसली आणि दुसऱ्याच ओळीला थांबली. दांडीमागून सरकणारा अंगठा चिकटत होता! इतक्या वर्षांच्या वापराने दांडी कोरडी, गुळगुळीत झाली होती, आणि मी तिचा आरसा करून ठेवला. आपण दोघांनी गिटारला कपाट समजलं, मामा. ताईचा तुम्हाला निरोप आहे की कपाटावर कुणी सूर धरत नाही.

मी कान पकडले. पण ताईच हसत सुटली. तिने गिटार मांडीवर आडवी घेतली आणि मला कामाला लावलं. सर्वांत बारीक स्टील वूलने, म्हणजे पोलादी तंतूंच्या बोळ्याने, मी दांडी घासायची, तिने अंगठा सरकवून पाहायचा, ‘आणखी’ म्हणायचं, की मी पुन्हा घासायची. मध्येच आई आली. तिला मामींनी आठ तारखेलाच कळवलं होतं. मालकांकडे जायचं नाटक तिने मी खरं बोलावं म्हणून केलं, म्हणे! शेवटी ताईने एक अख्खं गाणं न थांबता वाजवलं, आणि लगेच दुसरं सुरू केलं.

ताईला जागा मिळाली. परवा शाळेतून येताना तिने तिथल्या चार गिटारी दुरुस्तीला आणून माझ्यासमोर ठेवल्या. मी पट्टी काढली. पहिलीवरच एकोणीस पोचे निघाले आणि मला घाम फुटला. ताई म्हणाली की वेड्या, यातला एकही तू पाडलेला नाहीस.

खरंच की! मग मी शीळ घालत पुढची गिटार मोजायला घेतली.

लाख संपत आली आहे, थोडी पाठवा. लोभ भरपूर आहे, तो असाच राहू द्या.

आपला भाचा