जूचंद्रचे गोल्फवाले काका

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आज सकाळी ऑफिस उघडल्यावर कामाचं सगळं बाजूला सारून मी तुम्हाला लिहायला बसले आहे, तेही त्या गोल्फवाल्या काकांबद्दल. तुम्ही असतात तर आधी विचारलं असतंत, "न्याहारी केलीस का?" केली आहे. ऑफिसात अजून कोणी आलेलं नाही. खाली रिक्षावाले नेहमीसारखे भांडतायत. तुमची जुनी खुर्ची मी टाकून दिली नाही, पण तिच्यावर बसतही नाही. तिच्यावर नमुन्याची आमंत्रणपत्रं ठेवते.

शाळेत तुम्ही आम्हाला पी.टी. शिकवायचात. साडी खोचून, पायात पांढरे बूट घालून मैदानावर उभ्या राहणाऱ्या दुसऱ्या बाई मी आजवर पाहिल्या नाहीत. मी धावण्यात कायम मागे असायचे. तरी बी.कॉम. होऊन घरी बसले होते तेव्हा तुम्हीच निरोप धाडलात की, मी शाळा सोडून कार्यक्रम करून देण्याचा धंदा काढते आहे, येतेस का. एव्हरशाईन सिटीतल्या तुमच्या फ्लॅटचं स्वयंपाकघर हेच तेव्हा आपलं ऑफिस होतं. जेवणाच्या टेबलावर फोन, शेजारी फाइली, आणि तुम्ही एका हाताने घावनं उलटत दुसऱ्या हाताने रिसीव्हर कानाला लावून कुणाला तरी सांगताय, "मुलांना जादूगार आवडेलच, पण आजी-आजोबांना काय देणार आहात?" सोसायट्यांचे वर्धापनदिन, वाढदिवस, कारखान्यांची स्नेहसंमेलनं. नव्वदीच्या दशकात वसईत इतक्या नव्या इमारती उठत होत्या की माणसांना एकमेकांची ओळख करून द्यायलाच कोणीतरी हवं होतं. ते काम आपण करत होतो, असं तुम्ही म्हणायचात.

तुमचा पहिला ओरडा मला नीट आठवतो. एका सोसायटीत बाहुल्यांचा खेळ होता. मी तुम्हाला ऐटीत सांगितलं, "तो बाहुल्यांवाला आलाय, त्याला जिन्याखाली बसवलंय." तुम्ही तशाच खाली गेलात, त्या म्हाताऱ्या माणसाला वर घेऊन आलात, पंख्याखाली खुर्ची दिलीत, आणि पाहुण्यांच्या आधी त्याचं ताट वाढलंत. मग मला बाजूला घेऊन म्हणालात, "ज्याच्या जिवावर आपण चार माणसं बोलावतो त्याला जिन्याखाली बसवायचं? उद्या तुला बसवू का?" तुमचा दुसरा नियम होता की जो खेळ आपण स्वतः उभं राहून बघितला नाही तो कुणाला दाखवायचा नाही. त्यापायी तुम्ही किती पेटीवाले, नकलाकार आणि मडक्यांवर नाचणाऱ्या बाया त्यांच्या त्यांच्या घरी जाऊन बघितल्यात.

दोन हजार साल उलटून गेल्यावर सातिवलीच्या एका कारखान्याचं काम आलं. नळाच्या तोट्या बनवायचे ते. शेठना आपल्या विक्रेत्यांचं संमेलन करायचं होतं, नागपूरपासून राजकोटपर्यंतचे दुकानदार यायचे होते. ऑर्केस्ट्रा नको, जादूगार नको. शेठनी दुबईच्या एका हॉटेलात गोल्फच्या काठीने करामती करणारा कोणी गोरा पाहिला होता, त्यांना तसा माणूस हवा होता. आपल्या दोघींपैकी कुणीच गोल्फचं मैदान जवळून पाहिलेलं नव्हतं. "हॉकीसारखंच असेल काहीतरी," असं म्हणून तुम्ही डिरेक्टरी उघडलीत आणि मुंबईतल्या एका गोल्फ क्लबात फोन लावलात. तिथला कारकून आधी हसला. मग म्हणाला, "बाहेरून कशाला आणता? आमचा एक जुना कॅडी तुमच्याच बाजूला राहतो. जूचंद्रला. पाहुणे आले की आमचे साहेब लोक मुद्दाम त्याला करामती करायला लावायचे." कॅडी म्हणजे खेळणाऱ्याची काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन उन्हात त्याच्यामागे चालणारा माणूस, हे मला त्या दिवशी कळलं.

नायगावला उतरून आपण रिक्षाने जूचंद्रला गेलो. भाताची कापणी होऊन गेली होती. गावामागच्या रिकाम्या खाचरात दोन बांबूंना मासेमारीचं जुनं जाळं बांधलेलं, आणि त्याच्यासमोर पन्नाशीचा एक किडकिडीत माणूस, अंगात इस्त्रीचा शर्ट, पायात खडूने पांढरे केलेले बूट. "बाय, हितं सावली नाय," ते म्हणाले. "पन बघाचं असंल तर उभं ऱ्हावं लागंल." तुम्ही पर्स माझ्या हातात दिलीत आणि दोन तास उभ्या राहिलात.

ते दोन तास मी आजही बघते आहे. काका काठीच्या पात्यावर चेंडू टपटप उडवतायत, पाठीमागून, पायाखालून, आणि बोलता बोलता तो हवेतच मारून जाळ्यात घालतायत. सोड्याच्या बाटलीच्या तोंडावर चेंडू ठेवतात, चेंडू जातो, बाटली हलतसुद्धा नाही. एका काठीला दांड्याऐवजी पाण्याचा रबरी पाइप बसवलेला, तो सापासारखा अंगाभोवती फिरतो आणि तरी चेंडू सरळ जातो. मी तोंडाचा आ करून चेंडूकडे बघत होते. तुम्ही माझ्या कानात म्हणालात, "चेंडूकडे नको बघू. पाय बघ त्यांचे." मी पाहिलं. वरचं सगळं अंग फिरत होतं आणि पाय मातीत रुजल्यासारखे होते.

"कुठे शिकलात?" तुम्ही विचारलंत.

"सोमवारी मैदान बंद असाचा. तवा आमा कॅडी लोकांना खेलाला मोकलीक. सायबांच्या टाकलेल्या काठ्या, झाडीत हरवलेले बॉल. तीस वरसं सोमवार सोमवार करून शिकलो." मग त्यांनी स्वतःहूनच सांगितलं, "पन एक हाय, बाय. मानसाच्या अंगावर बॉल ठेवून मी मारत नाय. आमच्या एका जोडीदाराचा डोला गेलाय बॉल लागून. मी तिथंच होतो." तुम्ही म्हणालात, "कोणी सांगणारही नाही तुम्हाला." तो शब्द तुम्ही दिलात तेव्हा मी शेजारीच उभी होते, तुमची पर्स धरून.

पुढचं मला सरळ लिहू दे. संमेलनाच्या चार दिवस आधी शेठचा फोन आला. तुम्ही मंडपवाल्याकडे गेला होतात. ते म्हणाले, "दुबईत त्या गोऱ्याने शेवटी एका माणसाला आडवं झोपवलं होतं. त्याच्या दातांत लाकडी खुंटी, तिच्यावर बॉल, आणि मारला. लोक उठून उभे राहिले. आपल्याकडे ते होणार ना? नाहीतर मी ऑर्केस्ट्राच बोलावतो." आणि मी म्हटलं, "हो सर, होणार." पहिल्यांदाच एवढं मोठं काम तुम्ही माझ्यावर सोपवलं होतं. मला वाटलं, ऐनवेळी लोक टाळ्या वाजवू लागले की काका नाही म्हणणार नाहीत. माणसं गर्दीपुढे नाही म्हणत नाहीत, असा माझा तेव्हाचा समज होता. तुम्ही परत आलात तेव्हा मी मंडपाच्या कापडाचा रंग विचारला, फोनचं काही बोलले नाही.

संमेलन अर्नाळ्याकडच्या एका रिसॉर्टच्या हिरवळीवर होतं, सकाळी अकराला. दोन माडांच्या मध्ये काकांनी आपलं जाळं बांधलं. त्यांना तुम्ही पाहुण्यांच्या आधी जेवायला बसवलंत. खेळ सुरू झाला तेव्हा निम्मे दुकानदार सरबताचे ग्लास घेऊन गप्पा मारत होते. पाचव्या मिनिटाला सगळे खुर्च्या पुढे ओढून बसले. एका जाड्या काठेवाडी पाहुण्याला काकांनी उलटी छत्री धरून उभं केलं आणि वीस पावलांवरून एकामागून एक चेंडू अलगद वर उडवून त्या छत्रीत टाकले. तो गृहस्थ शाळकरी पोरासारखा हसत होता. गुडघ्यावर बसून मारलं, डोळ्यांवर रुमाल बांधून मारलं. ज्या माणसाने तीस वर्षं दुसऱ्यांच्या पिशव्या वाहिल्या त्याच्याकडे एवढी सगळी माणसं श्वास रोखून बघत होती, आणि ते मात्र खाचरात होते तसेच शांत होते.

मग शेठनी माइक घेतला. "आता शेवटचा आयटम." त्यांनी कारखान्याच्या वॉचमनला हाक मारली. तो साठीकडे झुकलेला माणूस, खाकी कपड्यांत, गोंधळून हसत पुढे आला, आणि शेठनी खूण केली तसा हिरवळीवर उताणा झोपला. हात सरळ अंगाला लावून, परेडमध्ये असल्यासारखा.

काका म्हणाले, "हा आपला आयटम नाय, शेठ."

"नाही कसा? मॅडमच्या ऑफिसने कबूल केलंय."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. एकदाच. मी खाली वाकून माइकची वायर सरळ करायला लागले. ऑफिसात माणसं दोनच होती, बाई. एक तुम्ही आणि एक मी.

तुम्ही हिरवळीवर गेलात आणि आधी त्या वॉचमनना हात दिलात. "उठा दादा, कपडे खराब होतील." मग शेठना म्हणालात, "माझ्या ऑफिसने कबूल केलं असेल तर चूक माझी आहे. मी सगळ्यांसमोर माफी मागते. पण हे होणार नाही."

शेठ हसले. "याचा नेम पक्का नाही असं सांगा ना सरळ."

काकांची मान खाली गेली. तोवर मी त्यांना कधी अस्वस्थ पाहिलं नव्हतं. तुम्ही त्यांना हळूच काहीतरी विचारलंत, त्यांनी मान हलवली. मग तुम्ही मैदानावरच्या त्या आवाजात, ज्याने आमची अख्खी रांग सरळ व्हायची, म्हणालात, "नेम बघायचा आहे ना? काचेवर चेंडू ठेवून मारतील. तुमचं घड्याळ द्या."

शेठचा उजवा हात डाव्या मनगटाकडे गेला आणि तिथेच थांबला. सोनेरी, जड घड्याळ होतं ते. छत्री धरलेल्या त्या पाहुण्याने आधी वॉचमनकडे पाहिलं, मग शेठच्या मनगटाकडे, आणि मान फिरवली. मला वाटतं तिथल्या प्रत्येकाला त्या क्षणी तेच कळलं जे मला कळलं.

शेठना तुम्ही फार वेळ तसं उभं ठेवलं नाहीत. स्वतःचं घड्याळ काढलंत. आम्ही शाळा सोडताना आमच्या वर्गाने वर्गणी काढून तुम्हाला दिलेलं, पट्ट्याचं, लहानसं. गवतावर सपाट ठेवलंत आणि दोन पावलं मागे आलात. काकांनी काचेवर चेंडू ठेवला. तो दोनदा घरंगळला, तिसऱ्यांदा बसला. त्यांनी बूट गवतात रोवले, आणि मी या खेपेला पायांकडेच बघत राहिले. आवाज इतका छोटा आला, सुपारी फोडल्यासारखा. चेंडू जाळ्यात होता. तुम्ही घड्याळ उचलून कानाशी नेलंत, पदराने पुसलंत आणि मनगटावर बांधलंत. टाळ्या त्यानंतर वाजल्या, आणि सगळ्यांत आधी त्या वॉचमनच्या.

दुसऱ्या दिवशी तुमच्या स्वयंपाकघरात तुम्ही माझ्यासमोर घावन आणि चटणी ठेवलीत आणि पाठमोऱ्या उभ्या राहून विचारलंत, "शेठशी फोनवर कोण बोललं होतं?"

मी म्हटलं, "त्यांचाच काहीतरी गैरसमज झाला असेल."

"असेल," तुम्ही म्हणालात, आणि तव्यावरचं दुसरं घावन माझ्या ताटात वाढलंत. मग मला कागद घ्यायला सांगून माफीचं पत्र सांगितलंत. 'माझ्या हातून कबूल झालेली गोष्ट मला पुरी करता आली नाही.' मी ते माझ्या अक्षरात लिहिलं. खाली सही तुम्ही केलीत. त्या कारखान्याचं काम पुन्हा आलं नाही. काकांना मात्र तुम्ही सोडलं नाहीत. त्यांच्यासाठी कार्ड छापून घेतलंत, नावाखाली 'गोल्फ कलाकार'. पुढची सहा-सात वर्षं, गुडघे चालले तोवर, विरारच्या शाळांपासून ठाण्याच्या क्लबांपर्यंत त्यांचे खेळ झाले. तुम्हाला शेवटचं न्यायला आलो त्या दिवशी ते जूचंद्रहून आले होते, तेच पांढरे बूट घालून, आणि जिन्यात उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला पाणी देत होते.

आता ऑफिस मी चालवते. कलाकार आधी जेवतो. खेळ बघितल्याशिवाय कुणाला विकत नाही. फोनवर कोणी काही मागितलं की "विचारून सांगते" असं म्हणते, आणि खरंच विचारते. लोक म्हणतात, बाईंच्या हाताखाली तयार झालेली आहे, आणि मी मान हलवते. हाताखाली नवं कोणी आलं की तुमची ही हकिगत मी हमखास सांगते, वॉचमन, घड्याळ, सगळं. काल नव्या मुलीला सांगितली. तिने डोळे मोठे करून विचारलं, "पण मॅडम, तसं कबूल कोणी केलं होतं?"

मी म्हटलं, "कोणीच नाही गं. शेठनी खोटंच सांगितलं." दरवेळी मी हेच सांगत आले आहे.

हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, ते ठाऊक आहे. रात्री वाटलं होतं, लिहून झालं की त्या नव्या मुलीला वाचायला द्यावं, म्हणजे निदान एका माणसाला खरं कळेल. ती दहाला येते. जिन्यात तिच्या चपला वाजतायत, आणि मी हे कागद घडी घालून पर्समध्ये ठेवते आहे.